एक पडदा, दोन कामे

नवा संगणक जुळवताना बहुतेकांचे पैसे आधी प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम यांत जातात आणि उरलेल्या रकमेत बसेल तो मॉनिटर घेतला जातो. खरे तर हिशेब उलटा मांडायला हवा. ग्राफिक्स कार्ड चार-पाच वर्षांत मागे पडते. बऱ्यापैकी मॉनिटर सात-आठ वर्षे विनातक्रार चालतो आणि तेवढ्या काळात त्याला जोडलेला संगणक एकदा तरी बदललेला असतो. शिवाय आतले भाग कितीही जलद असले, तरी वापरणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोचते ते पडद्याला दाखवता येईल तेवढेच.

घरातल्या मॉनिटरवर सहसा दोन वेगळ्या प्रकारची कामे होतात. दिवसा हिशेबाचे तक्ते, पत्रव्यवहार, अभ्यास, ऑनलाइन बैठका. रात्री तास-दोन तास खेळ. वाचनाला अक्षर रेखीव लागते, उजेड स्थिर लागतो आणि पडदा तासन्‌तास डोळ्यांना सोसावा लागतो. खेळाला चित्र झटपट बदलणे महत्त्वाचे. तिथे कुणी अक्षरांच्या कडा पाहत बसत नाही. दोन्ही गरजा पूर्ण करणारा पडदा मिळतो, पण प्रत्येक किमतीला कुठे ना कुठे तडजोड असते. बाजारातली भाषा मात्र जवळपास सगळी खेळाची आहे. खोक्यावर हर्ट्‌झ आणि मिलिसेकंद ठळक छापलेले असतात. अक्षर कसे दिसेल, हे कुठेच लिहिलेले नसते. म्हणून कोणता खेळ खेळायचा याच्याही आधी, आठवड्यातले किती तास वाचण्या-लिहिण्यात जातात आणि किती खेळण्यात, हे मोजलेले बरे. बहुतेक घरांत वाचण्या-लिहिण्याचे पारडे फारच जड निघते.

आजच्या पडद्याचे गुणदोष समजायला त्याच्या आधीचा पडदा आठवावा लागतो. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये कॅथोड किरण नळी तयार केली आणि पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दूरचित्रवाणी व संगणक या दोन्हींचे पडदे याच नळीवर चालले. नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीओळीने फिरे. प्रत्येक ठिपका क्षणभर उजळे आणि विझे. हे पडदे जड होते, टेबलाची निम्मी जागा खात, वीजही बरीच ओढत, पण त्यांच्यावर धावते चित्र अतिशय स्वच्छ दिसे. लिक्विड क्रिस्टलचा गुणधर्म ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर यांनी १८८८ मध्येच नोंदवला होता. त्यातून वापरण्याजोगा पडदा घडवण्याची वाट १९७० मध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांच्या शोधाने मोकळी झाली. या एलसीडी पडद्यात स्फटिकांचा थर स्वतः उजळत नाही. मागे सतत दिवा असतो आणि पुढे लाखो झडपा कमी-जास्त उघडून त्याचा उजेड अडवतात किंवा सोडतात.

झडप एकदा उघडली, की पुढचे चित्र येईपर्यंत ती तशीच राहते. खेळातल्या धुसरपणाचे मूळ इथे आहे. डोळा सरकत्या वस्तूच्या मागे सलग फिरतो, पडद्यावरची वस्तू मात्र टप्प्याटप्प्याने उड्या मारते. दोन उड्यांच्या मधल्या वेळात ती जागेवर थांबलेली असते आणि डोळा पुढे गेलेला असतो. परिणामी दृष्टिपटलावर ती फासटल्यासारखी उमटते. सेकंदाला ९६० पिक्सेल सरकणारी वस्तू सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर सुमारे १६ पिक्सेल फासटते, १२० चित्रांच्या पडद्यावर ८ आणि २४० चित्रांच्या पडद्यावर ४. झडपा कितीही चपळ केल्या तरी हा हिशेब टळत नाही. म्हणून खेळाच्या मॉनिटरमध्ये रिफ्रेश रेटला एवढे महत्त्व आले.

पण निवडीची सुरुवात रिफ्रेश रेटपासून करू नये. सुरुवात टेबलाच्या खोलीपासून करावी. बसण्याच्या जागेपासून पडदा ५० ते ७० सेंटिमीटरवर असतो असे धरले, तर २४ आणि २७ इंच ही दोन मापे सर्वाधिक सोयीची पडतात. २४ इंची पडद्याची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर, २७ इंचीची ६०, तर ३२ इंचीची ७१ भरते. अरुंद टेबलावर ३२ इंची पडदा ठेवला, की कोपरे पाहायला मान वळवावी लागते, आणि जलद खेळात नकाशा नेमका कोपऱ्यात असतो.

माप ठरले की रिझोल्यूशनला अर्थ येतो. नुसते 'फुल एचडी' म्हणणे पुरेसे नाही. तेच पिक्सेल केवढ्या जागेवर पसरले आहेत ते पाहावे लागते. १९२० × १०८० पिक्सेल २४ इंचांवर पसरले की एका इंचात सुमारे ९२ बसतात. २७ इंचांवर ८२ च उरतात आणि नेहमीच्या अंतरावरूनही अक्षरांच्या कडा दातेरी दिसू लागतात. २५६० × १४४० म्हणजे क्यूएचडी, २७ इंचांवर १०९ ची घनता देते. तेच ३२ इंचांवर घेतले तर घनता पुन्हा ९२ वर येते, म्हणजे मोठ्या पडद्याचे पैसे मोजून अक्षर २४ इंची फुल एचडीइतकेच रेखीव. ३८४० × २१६० चा फोर-के पडदा २७ इंचांवर १६३ आणि ३२ इंचांवर १३८ ही घनता गाठतो.

मराठीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला हे आकडे अधिक जाचतात. रोमन लिपीतल्या बहुतेक अक्षरांना एका ओळीच्या उंचीत फारसे काही कोंबावे लागत नाही. देवनागरीत त्याच उंचीत शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि मधे जोडाक्षर, एवढे सगळे बसवायचे असते. इंचाला ८२ पिक्सेलच्या पडद्यावर लहान टंकात 'ष्ट' आणि 'ष्ठ', 'द्व' आणि 'द्ब' यांतला फरक एक-दोन पिक्सेलांवर येऊन ठेपतो. 'र्कीं'सारख्या अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून एक काळा ठिपका होतो. मुद्रिते तपासणाऱ्याला असा पडदा निरुपयोगी आहे. घनता १०९ वर गेली की या जोड्या वेगळ्या ओळखू येतात आणि १६० च्या आसपास त्या छापील कागदाच्या जवळ जातात. फोर-के पडद्यावर विंडोजमध्ये सगळे दीडपट मोठे करून ठेवले, की कामाची जागा क्यूएचडीइतकीच राहते, पण प्रत्येक अक्षराला सव्वादोनपट पिक्सेल मिळतात. ज्यांचा दिवस मजकुरात जातो त्यांच्यासाठी रिफ्रेश रेटवरचे पैसे थोडे कमी करून ते घनतेवर घालणे शहाणपणाचे.

याची किंमत मात्र ग्राफिक्स कार्डाकडून वसूल होते. फुल एचडी चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, क्यूएचडीत ३६.९ लाख आणि फोर-केमध्ये ८२.९ लाख. खेळात हे सगळे पिक्सेल सेकंदाला साठ, शंभर, दीडशे वेळा नव्याने काढायचे असतात. फोर-के पडद्यामागे मध्यम कार्ड लावले, की रिझोल्यूशन उतरवून खेळावे लागते. त्यात एक सोय आहे: फोर-के हे फुल एचडीच्या दोन्ही बाजूंनी नेमके दुप्पट असल्याने प्रत्येक पिक्सेलाच्या जागी चार पिक्सेल ठेवून चित्र स्वच्छ वाढवता येते. क्यूएचडीवर फुल एचडी दाखवताना हे गुणोत्तर पूर्णांकात बसत नाही आणि चित्र थोडे मऊ पडते. एनव्हिडियाचे डीएलएसएस २०१८ मध्ये आणि एएमडीचे एफएसआर २०२१ मध्ये आले, तेव्हापासून कमी पिक्सेल काढून ते हुशारीने वाढवण्याची सोय बहुतेक नव्या खेळांत असते. त्यामुळे फोर-के पूर्वीइतके परवडेनासे राहिलेले नाही. तरीही संगणक मध्यम असेल आणि खेळ व काम दोन्ही करायचे असेल, तर २७ इंची क्यूएचडी हाच आज सर्वांत सरळ पर्याय आहे.

आता रिफ्रेश रेट. पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवू शकतो, त्याचा हा आकडा. ६० हर्ट्‌झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२. या आकड्यांतच सगळा मामला उलगडतो. ६० वरून १४४ वर गेल्यास प्रत्येक चित्रामागे जवळपास दहा मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेल्यास जेमतेम पावणेतीन. २४० वरून ३६० वर गेल्यास दीडही नाही. पहिली पायरी कुणालाही दिसते, खेळ न खेळणाऱ्यालाही: लांबलचक पान वरखाली सरकवताना मजकूर वाचता येतो, माउसचा बाण तुटक वाटत नाही. शेवटची पायरी स्पर्धेत उतरणाऱ्यांपुरती. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ हे खेळ कार्डाला हलके असल्याने साध्या संगणकावरही सेकंदाला दोनशे चित्रे निघू शकतात आणि २४० हर्ट्‌झ सार्थकी लागतात. मोठ्या कथाप्रधान खेळांत तेच कार्ड ७०-८० चित्रांवर दमते. तिथे २४० चा आकडा खोक्यावरच राहतो. चित्रपटाच्या शौकिनाला आणखी एक बारकावा उपयोगी पडेल. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. १२० आणि १४४ या दोन्हींना २४ ने भाग जातो, ६० ला जात नाही, त्यामुळे ६० हर्ट्‌झवर कॅमेरा संथ फिरताना चित्र किंचित अडखळते.

कार्ड सेकंदाला किती चित्रे काढेल, हे क्षणाक्षणाला बदलते, आणि पडदा ठरलेल्या ठेक्यात चालतो. दोघांचा मेळ बसला नाही की अर्ध्या पडद्यावर जुने चित्र, अर्ध्यावर नवे, मधे आडवी चीर. पडद्याने कार्डाच्या ठेक्यात चालावे, हा उपाय एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक या नावाने आणला. त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळे आणि महागडे मॉड्यूल लागे. व्हेसा या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये हीच सोय अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक म्हणून डिस्प्लेपोर्टच्या मानकात घातली, एएमडीने तिच्यावर फ्रीसिंक उभे केले आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही अशा मॉनिटरांना आपली कार्डे खुली केली. त्यानंतर ब्रँडचा वाद बराचसा निवला. आज बघायचा तो पल्ला. ४८ ते १४४ असा पल्ला असेल, तर चित्रे ४८ च्या खाली घसरली तरी प्रत्येक चित्र दोनदा दाखवून वेळ निभावून नेता येते. ४८ ते ७५ एवढाच असेल, तर ही युक्ती चालत नाही आणि नेमक्या जड प्रसंगी चीर परत येते.

खोक्यावरच्या सगळ्या आकड्यांत सर्वांत बेभरवशाचा आकडा 'एक मिलिसेकंद'. पिक्सेल एका करड्या छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला किती वेळ घेतो, ते यातून सांगायचे असते. प्रत्यक्षात छटांच्या जोड्या अनेक, प्रत्येकीचा वेळ निराळा. उत्पादक त्यांतली सर्वांत जलद जोडी निवडू शकतो, तीही पिक्सेलला जोर लावून छटा लवकर बदलायला लावणारी ओव्हरड्राइव्हची सेटिंग शेवटच्या टोकाला नेऊन. त्या टोकाला पिक्सेल ठरलेल्या छटेच्या पुढे निघून जातो आणि धावत्या वस्तूच्या मागे उजळ किनार उमटते. मॉनिटरच्या मेन्यूत ओव्हरड्राइव्हच्या तीन-चार पायऱ्या असतात. मधली पायरी जवळपास नेहमीच बरी ठरते. काही खोक्यांवर 'एमपीआरटी' असा शब्द असतो. तो निराळ्याच गोष्टीचा आकडा आहे: मागचा दिवा प्रत्येक चित्रामागे क्षणभरच पेटवून जुन्या नळीसारखा स्वच्छपणा आणायचा. ही सोय चालू केली की उजेड उतरतो आणि बहुतेक मॉनिटरांत अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक बंद पडते. हलत्या चित्राचा स्वच्छपणा मोजण्यासाठी व्हेसाने २०२२ मध्ये क्लिअर-एमआर हे प्रमाणपत्र सुरू केले. खोक्यावर ते असेल तर त्याच्यावर मिलिसेकंदांपेक्षा अधिक विसंबावे.

मॉनिटरचा स्वभाव खरा ठरतो तो पॅनेलवरून. सर्वांत जुने टीएन पॅनेल, १९७० च्या शोधाचे थेट वंशज, स्वस्त आणि जलद होते. पण जरा बाजूने किंवा खालून पाहिले की रंग उलटत. स्पर्धात्मक खेळांच्या काही मॉनिटरांपलीकडे आता त्याचे प्रयोजन उरलेले नाही. हिताचीने १९९६ मध्ये बाजारात आणलेले आयपीएस पॅनेल कोणत्याही कोनातून जवळपास सारखे दिसते, रंग भरवशाचे असतात, आणि गेल्या काही वर्षांत त्याचा वेगही टीएनच्या बरोबरीला आला आहे. त्याचे दुखणे काळा रंग. सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांचे गुणोत्तर आयपीएसमध्ये साधारण १००० ला १ असते. अंधाऱ्या खोलीत रात्रीचे दृश्य काळे न दिसता करडे दिसते आणि कोपऱ्यांत फिकट चकाकी जाणवते. व्हीए पॅनेल हेच गुणोत्तर ३००० किंवा त्याहून वर नेते. अंधारात चित्रपट पाहणाऱ्याला ते आवडेल. पण काळ्यापासून गडद करड्यापर्यंत जाताना व्हीएचे पिक्सेल रेंगाळतात. गुहेत, तळघरात किंवा रात्रीच्या रस्त्यावर कॅमेरा वळवला की काळे ओघळ दिसतात. स्वस्त व्हीए मॉनिटर दिवसाउजेडी दुकानात पाहून घेतला, तर हा दोष घरी रात्रीच कळतो.

ओएलईडीत मागचा दिवाच नसतो. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळ्यासाठी पूर्ण विझतो. कोडॅक कंपनीतले चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये याची पायाभूत रचना प्रसिद्ध केली; खेळाच्या मॉनिटरांत ती खऱ्या अर्थाने रुजली ती २०२२ मध्ये, एलियनवेअरच्या ३४ इंची क्यूडी-ओएलईडी मॉनिटरनंतर. छटा बदलण्याचा वेळ इथे मिलिसेकंदाचाही लहान अंश, त्यामुळे त्याच रिफ्रेश रेटला धावते चित्र एलसीडीपेक्षा उघड स्वच्छ. केवळ खेळासाठी घ्यायचा तर यापुढे दुसरे काही पाहण्याची गरज नाही. रोजच्या कामात मात्र दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली सर्वज्ञात: एकाच जागी तासन्‌तास स्थिर राहणारी वस्तू, म्हणजे विंडोजची तळपट्टी, तक्त्याच्या रेघा, खेळातला आरोग्यदर्शक, कालांतराने पडद्यावर कायमची छाप सोडू शकते. पिक्सेल समपातळीत आणणारी यंत्रणा मॉनिटर स्वतःच अधूनमधून चालवतो आणि काही कंपन्या या दोषावर तीन वर्षांची हमीही देतात, तरी रोज आठ तास तक्ते भरणाऱ्याने जपून राहावे. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. नेहमीच्या पडद्यात प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा हे तीन भाग एका ओळीत शेजारी असतात आणि विंडोजची क्लिअरटाइप पद्धत तेच गृहीत धरून अक्षरांच्या कडा घासते. क्यूडी-ओएलईडी या ओएलईडीच्या प्रकारात हे भाग त्रिकोणात मांडलेले असतात. त्यामुळे आडव्या रेघेच्या वरच्या-खालच्या कडेला हिरवट-जांभळी झाक येते. रोमन मजकुरात ती जेमतेम जाणवते. देवनागरीत प्रत्येक शब्दावर एक आडवी रेघ असते. घनता फार वाढली की झाक दिसेनाशी होते, म्हणून ओएलईडी घेऊन मराठी लिहायचे असेल तर २७ इंची फोर-के घ्यावा किंवा दुकानात मराठी पान उघडून स्वतः पाहावे. क्यूडी-ओएलईडीची आणखी एक खोड: त्यात ध्रुवकाची पट्टी नसल्याने उजळ खोलीत त्याचा काळा रंग जांभळट करडा दिसतो. अंधारात तोच पडदा अप्रतिम.

रंगांबद्दल जाहिरातीत मोठमोठ्या टक्केवाऱ्या असतात. इंटरनेटवरचा मजकूर, छायाचित्रे आणि बहुतेक खेळ एसआरजीबी या रंगकक्षेत बनतात. ती एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये ठरवली. डीसीआय-पी३ ही सिनेमाची कक्षा तिच्याहून साधारण पावपट मोठी. रुंद कक्षेच्या पडद्यावर साधी छायाचित्रे तशीच दाखवली की रंग भडकतात, माणसांचे चेहरे लालबुंद होतात. म्हणून मेन्यूत एसआरजीबी अशी वेगळी सेटिंग आहे का, आणि ती लावल्यावर उजेड कमी-जास्त करता येतो का, हे पाहावे. अनेक मॉनिटर त्या सेटिंगमध्ये उजेडाचा खटका कुलूपबंद करतात.

एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भागांतले अंतर अधिक ठळक दाखवण्याची सोय, हिच्या बाबतीत सावधपणा आणखी लागतो. व्हेसाने डिसेंबर २०१७ मध्ये डिस्प्ले-एचडीआरच्या ४००, ६०० आणि १००० अशा पायऱ्या जाहीर केल्या. मूळ नियमांत ४०० ची पायरी गाठायला पडद्याचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद करण्याची सोय आवश्यक नव्हती, आणि तीच तर एचडीआरचा प्राण. परिणामी ४०० चा शिक्का असलेला साधा आयपीएस मॉनिटर एचडीआर चालू केल्यावर बऱ्याचदा अधिक फिका दिसतो. खरा फरक हवा असेल तर शेकडो विभागांचा मिनी-एलईडी दिवा किंवा ओएलईडी लागतो. मिनी-एलईडीतही काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या बाणाभोवती धुरकट वलय दिसते, कारण विभाग शेकड्यांत असतात आणि पिक्सेल लाखांत. ज्याला एवढा खर्च करायचा नाही त्याने एचडीआर हा शब्द खोक्यावर वाचून सोडून द्यावा.

रोजच्या उजेडाला २५० ते ३५० निट पुरतात. पडद्यावर खिडकीचा उजेड थेट पडत असेल तर वरच्या बाजूला राहावे, आणि त्याहून सोपे म्हणजे टेबल खिडकीला काटकोनात फिरवावे. उजेड कमी करायला काही मॉनिटर मागचा दिवा अतिवेगाने चालू-बंद करतात. सगळ्यांना ते जाणवत नाही. ज्यांना जाणवते त्यांचे डोके दुखते. सतत विजेने मंद होणारा, 'फ्लिकर-फ्री' म्हणून विकला जाणारा पडदा रात्री काम करणाऱ्याने मुद्दाम मागून घ्यावा.

जोडणीच्या तारेत पैसे वाया जाण्याची शक्यता सर्वाधिक. डिस्प्लेपोर्ट १.४ ची क्षमता सेकंदाला ३२.४ गिगाबिट, एचडीएमआय २.० ची १८ आणि एचडीएमआय २.१ ची ४८ पर्यंत. फोर-के चित्र १८ गिगाबिटांत ६० हर्ट्‌झलाच मावते. त्यातही '२.१' एवढेच लिहिलेले असेल तर खात्री नसते, कारण त्या आवृत्तीतल्या बहुतेक नव्या सोयी ऐच्छिक आहेत. मॉनिटरचे माहितीपत्रक उघडून 'फोर-के, १२० हर्ट्‌झ, एचडीएमआयवरून' अशी ओळ शोधावी. संगणकाला डिस्प्लेपोर्ट वापरावा. प्लेस्टेशन ५ ला एचडीएमआयच मिळतो, आणि क्यूएचडी चित्र द्यायला त्याने सप्टेंबर २०२२ मध्ये सुरुवात केली. त्याआधी त्याला क्यूएचडी मॉनिटर जोडला तर फुल एचडीवर समाधान मानावे लागे. लॅपटॉप वापरणाऱ्याने ६५ वॉट किंवा अधिक वीज देणारा यूएसबी-सी पोर्ट असलेला मॉनिटर पाहावा. एकाच तारेत चित्र, चार्जिंग आणि कीबोर्ड सगळे येते.

स्टँडकडे दुर्लक्ष होते. स्वस्त मॉनिटरांचा स्टँड फक्त पुढेमागे झुकतो, उंची बदलत नाही, आणि मग खाली जुन्या पुस्तकांची थप्पी येते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. मागे ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावरची चार भोके असतील तर पुढेमागे वेगळा आर्म लावता येतो. वक्र पडद्यावर लिहिलेला १५००आर म्हणजे १५०० मिलिमीटर त्रिज्येचा बाक. ३४ इंची रुंद पडद्याला तो उपयोगी, २७ इंचीला शोभेचा, आणि सरळ रेघा आखणाऱ्याला त्रासाचा.

भारतात करानेही निवडीला वळण दिले. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्यांवर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वर आला. ३४ इंची रुंद पडदे इतकी वर्षे महाग वाटण्यामागे हेही एक कारण होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात फायदा असा की पडदा चालू करून पाहता येतो. तिथे दुकानदाराने लावलेली झगमगती चित्रफीत बंद करायला लावून एक मराठी बातमीपत्र आणि एक पूर्ण काळे चित्र उघडावे. पहिल्याने घनता कळते, दुसऱ्याने कोपऱ्यांतली उजेडाची गळती. ऑनलाइन घेताना परतीची मुदत आणि मृत पिक्सेलांचा नियम आधी वाचावा. जुन्या आयएसओ मानकाच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलांमागे कायम उजळलेले दोन आणि कायम विझलेले दोन चालवून घेतले जात. म्हणजे एखादा पिक्सेल मेला म्हणून मॉनिटर बदलून मिळेलच असे नाही.

घरी आणल्यावर पहिले काम सेटिंगचे. विंडोज नवा मॉनिटर बऱ्याचदा ६० हर्ट्‌झवरच चालू करते. डिस्प्लेच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात जाऊन आकडा वाढवावा लागतो, आणि १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वर चालवणारे कमी नाहीत. वरचा आकडा यादीत दिसतच नसेल तर दोष बहुधा तारेचा किंवा चुकीच्या पोर्टचा. मग खोली अंधारी करून पडदाभर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे एकेक रंग लावून कोपरे आणि ठिपके तपासावेत, ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर आणावा, आणि कारखान्यातून पूर्ण चढवून आलेला उजेड शेजारी धरलेल्या पांढऱ्या कागदाइतका उतरवावा. हे सगळे पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरकावे, आणि परतीची मुदत संपेपर्यंत खोके व थर्मोकोल रद्दीत देऊ नये.